डांबाखालची पोस्ट

ये, जवळ बस. तू तिकडं पुण्यात बसून हे वाचणार, ते मला कळतं की. पण लिहिताना मी तुला माझ्या पुढ्यात पाटावर बसवलंय असंच धरून चाललेय. आणि आधी पाठ सरळ कर. परवा तुझ्या आईनं फोनवर तुमच्या शाळेच्या गॅदरिंगचा फोटो पाठवला. सगळ्या पोरी कशा ताठ उभ्या, आणि माझी नात तेवढी मागच्या रांगेत मान खांद्यात घालून, गुडघे दुमडून, काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखी. चष्मा पुसून पुन्हा बघितला. तीच. वर्गात सगळ्यांत उंच आहेस म्हणून लाज वाटते म्हणं तुला. वाकून उभं राहिलं म्हणून उंची कमी होत नसते गं, नुसती पाठ दुखते. तुझ्या आईला विचार. तिनं ती सवय मोडायला काय काय केलंय ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी लिहायला बसले.

मागं तू विचारलं होतंस, "आजी, आई बास्केटबॉलची प्लेयर कशी काय झाली?" मी म्हटलं, चुकून झाली. तू खदखदा हसलीस. मी काही चेष्टा करत नव्हते. एका शब्दाच्या चुकीनं झाली, आणि ती चूक तुझ्या आजोबांनी केली, तीही भर रस्त्यात, पेढे वाटून.

माझी शाळा नेसरीत चौथीपर्यंत. पुढचं वाचन मी लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर डंकावर शिकले, मिरच्या-मसाल्याच्या पुड्या सोडायच्या आणि त्यांचे पेपर वाचून काढायचे. त्यामुळं कुठली बातमी मला पुरी अशी वाचायला मिळाली नाही, अर्धी एका पुडीवर आणि अर्धी दुसरीच्या घरी. लिहिणं माझं तसंच आहे. मध्येच कुठं सुटलं तर समजून घे.

डंक तुला ठाऊक आहे, पण तुझ्या मैत्रिणी वाचतील तर त्यांना सांग, की डंक म्हणजे चटणी कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं पट्ट्यावर वर जातात आणि धाडधाड उखळात पडतात. उन्हाळा लागला की सगळ्या पेठेतल्या बायका तळलेला मसाला, खोबरं, लसूण, मिरच्या डब्यात भरून आमच्या दारात रांग लावायच्या. आवाज एवढा, की शेजारी उभं राहून बोलायचं तर गळ्याच्या शिरा ताणायला लागायच्या. आमच्या घरातली माणसं मोठ्यानं बोलतात ते भांडखोर आहेत म्हणून नव्हे, डंकामुळं. आणि त्या आवाजाचा या गोष्टीत हात आहे, म्हणून सांगतेय.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. तुझी आई आठवीत गेली आणि माझ्या डोक्यावरनं पलीकडचं बघायला लागली. नववीत आजोबांच्याही. आमच्या घराची चौकट जुनी, बुटकी. सकाळ झाली की तिथं तिचं कपाळ आपटायचं आणि घरात सगळ्यांना कळायचं, ही उठली. गल्लीतली पोरं तिला डांब म्हणायची. लाईटीचा डांब. "डांब आला, दिवा लागला का बघ," असं. आणि समोरच्या घरात आजोबांची थोरली बहीण राहायची, म्हणजे माझ्या वन्सं. त्यांची जीभ डंकापेक्षा तिखट. त्या दारात तांदूळ निवडत बसायच्या आणि तुझी आई दिसली की म्हणायच्या, "हिला नवरा बघायचा तर झाडावर चढून बघाय लागतोय."

आजोबा हसायचे नाहीत. त्यांना ती काळजी खरीच होती. पोरगी अठराची झाली की उजवायची, असं आमच्यात तेव्हा होतं. पाहुण्यांनी उंची विचारली की आजोबा बेधडक सांगायचे, "साडेपाच फूट." आणि पोरीला आत येऊन म्हणायचे, "चहा देताना जरा वाकून दे. सरळ उभी राह्यलीस तर पावणं चहा न घेताच जातील." ती वाकायची. आधी चहापुरती वाकायची, मग रस्त्यानं चालतानाही वाकायला लागली, आणि मग ते तिच्या अंगातच बसलं. तुझ्या फोटोत बघितलं ना, अगदी तसंच.

एका उन्हाळ्यात शाळेचे खेळाचे सर मसाला कांडायला आले. त्यांच्या बायकोनं डबा देऊन पाठवलं होतं. माणूस कडक, पण डंकापुढं उभा राहून शिंकून शिंकून बेजार झालेला. आमचा फळीवरचा मिठाचा डबा काढायला आजोबा स्टूल शोधत होते. तुझ्या आईनं हात वर केला, डबा काढला, खाली ठेवला. सरांची शिंक थांबली.

"ही कितवीला?" सर.

"नववीला," आजोबा म्हणाले. "साडेपाच फूट."

"उंची न्हाई विचारली मी," सर म्हणाले. "आणि साडेपाच मी हाय."

दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर. आजोबांनी कशी सोडली, तर सरांनी सांगितलं, खेळानं वजन उतरतं, अंग नाजूक होतं. आजोबांना वाटलं, कदाचित उंचीही उतरेल.

पहिल्याच आठवड्यात काय झालं ऐक. ती सकाळचा डंक आवरून तशीच पळाली, हात नुसते पदराला पुसल्यासारखे ओढणीला पुसले. खेळ सुरू झाला आणि थोड्या वेळात सगळ्या पोरी डोळे चोळायला लागल्या. एकीनं चोळले की तिचे हात बॉलला, बॉल दुसरीच्या हातात. बॉल तिखट झाला होता. सरांनी खेळ थांबवला, बॉल साबणानं धुतला, आणि पोरी तुझ्या आईपासून चार हात लांब जाऊन उभ्या राहिल्या. ती रडवेली होऊन वाकून उभी. सर म्हणाले, "मान वर कर. तुझ्याजवळ यायला सगळ्यांना भ्या वाटाय लागलंय, चांगलंच हाय की हे. खेळात असंच पाहिजे." घरी येऊन तिनं ते मला सांगितलं तेव्हा हसता हसता ती सरळ उभी राहिली होती. मी बघितलं.

आणि एक गोष्ट ती डंकावरनंच घेऊन गेली होती. उखळातला मसाला खालीवर करायला लागतो. मुसळ वर गेलं की हात आत, खाली यायच्या आत हात बाहेर. घाई केली तरी बोटं जातात, उशीर केला तरी जातात. तो ठेका तिच्या हातात लहानपणापासून. बॉल जाळीच्या कडीला आपटून वर उडतो ना, तेव्हा बाकीच्या पोरी आधीच उड्या मारून मोकळ्या व्हायच्या. ही थांबायची. बॉल खाली यायला लागला की हिचा हात तिथं. सर विचारायचे, हे कुणी शिकवलं? ती म्हणायची, कुणी न्हाई, मसाला असाच हलवत्यात.

असं करत ती कॉलेजात गेली. आणि मग मलकापूरचं स्थळ आलं.

स्थळ चांगलं होतं, त्यात खोट काढणार नाही. रत्नागिरी रस्त्याला हार्डवेअरचं दुकान, पोरगा निर्व्यसनी, आपल्यातलेच लोक, आणि मुख्य म्हणजे पोरगाही बऱ्यापैकी उंच. त्यांचे अप्पा, म्हणजे पोराचे वडील, दोनदा येऊन गेले. बोलाय-चालायला मोकळा माणूस. सुपारी फोडायचं ठरत आलं. तुझी आई एका रात्रीत पुन्हा वाकली. मला म्हणाली, "अव्वा, लग्न झाल्यावर मलकापुरात ग्राउंड असंल?" मी म्हटलं, "दुकानामागं परडं हाय म्हणं." ती मोरीकडं वळली. ताट घासत बसली. घासलेलंच ताट पुन्हा घासत होती.

मलकापूरकर पुढच्या सोमवारी येणार, असा निरोप आला. आणि त्याच शनिवारी दुपारी सर लुनावरनं डंकासमोर येऊन थांबले. उन्हाळ्याची गर्दी, दोन्ही डंक चालू. सरांचा चेहरा फुललेला. लुनावरनं न उतरताच त्यांनी आजोबांना ओरडून सांगितलं, "पोरीला पोस्ट दिली! जिल्ह्याच्या टीमची!" आणि कुठली गडबड होती कुणास ठाऊक, हात हलवून निघूनही गेले.

आता तूच सांग. डंक धाडधाड चाललाय, आणि कोल्हापुरातल्या बापाच्या कानावर एवढंच पडलं, पोरीला पोस्ट, जिल्ह्याची. त्यानं काय समजायचं? पोस्ट म्हणजे नोकरी. जिल्ह्याची म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीतली. आजोबांनी दोन्ही डंक बंद केले. भर हंगामात डंक बंद झाला म्हणून रांगेतल्या बायका दचकल्या, कुणीतरी गेलं की काय वाटलं त्यांना. आजोबा ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पोरगीला सरकारी पोस्ट मिळाली. आज कुणाचं कांडप घेणार न्हाई. पेढं खाऊन जावा."

पेढे आले. सगळ्या गल्लीत वाटले. रांगेतल्या बायकांना वाटले, त्यांच्या मसाल्याच्या डब्यांवर एकेक ठेवला. वन्संनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "पोस्टात लागली व्हय? चिठ्ठ्या वाटणार म्हण की. सायकल उंच लागंल तिला." आजोबा म्हणाले, "पोस्टात न्हाई अक्का, पोस्टवर." वन्सं म्हणाल्या, "तेच की. वरच्या मजल्यावर." आणि आजोबांनी लगेच मलकापूरला फोन लावला, शेजारच्या दुकानातनं. मी ऐकत होते. "अप्पा, पोरगीला सरकारी पोस्ट मिळालीय. एवढ्यात सुपारी नको. एक वरीस जाऊ द्या, पोस्ट पक्की होऊ दे, मग बघू." तिकडनं अप्पांनी आनंदानं हो म्हटलं. नोकरीवाली सून कुणाला नको?

तुझी आई संध्याकाळी कॉलेजातनं आली तर गल्ली तिच्या पाया पडायची बाकी. तिला वाटलं आम्हाला खेळातलं कळायला लागलं. तीही खूश. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आजोबांनी सरांना जेवायला बोलावलं. मी पुरण घातलं होतं. कटाची आमटी वाढता वाढता आजोबांनी विचारलं, "सर, कुठल्या टेबलावर बसवणार पोरीला?"

"टेबलावर?" सर म्हणाले. "पोस्टला उभं राह्यचं असतंय, बसून कसं चालंल?"

"दिवसभर उभं?"

"दिवसभर कशाला, खेळ सुरू हाय तवर."

आजोबांचा घास हातातच राहिला. तुझ्या आईला कळलं आधी. तिनं ओठ दाबून माझ्याकडं बघितलं. सरांनी मग ताटातच मिठाच्या खड्यांनी मैदान मांडून दाखवलं. हा खांब, ही वरची कडी. कडीखाली, खांबाजवळची ही जागा, तिला पोस्ट म्हणतात. टीममधली सगळ्यांत उंच, सगळ्यांत दणकट खेळाडू तिथं उभी राहते, पाठीमागनं धक्के खाते आणि बॉल टाकते. जिल्ह्याच्या टीममध्ये ती जागा तुमच्या पोरीला दिली. फार मोठा मान आहे.

आजोबांनी कडीखालच्या खड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे डांबाखाली उभं राह्यची पोस्ट."

"व्हय की."

"आणि पगार?"

"पगार न्हाई. दोन केळी मिळत्यात."

मी पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं आणि भीतीही वाटत होती, कारण आजोबांचा राग तुला ठाऊक नाही, आता म्हातारपणी निवलाय. पण ते चिडले नाहीत. सरांना म्हणाले, "मी गावभर पेढं वाटल्यात सर. मलकापूरला सांगून बसलोय. आता तोंड कसं दाखवू?" सर म्हणाले, "एक रस्ता हाय. मोठ्या सरकारी खात्यांच्या बायकांच्या टीम असत्यात. तिथं खेळावर नोकरी देत्यात, खरी नोकरी, पगाराची. पुढच्या थंडीत राज्याच्या मॅचेस कोल्हापुरातच हायत. एका खात्याच्या मॅडम पोरी निवडाय येणार. हिनं तिथं खेळून दाखवलं तर तुमची पोस्ट खरी."

आजोबांनी पोळी संपवली. हात धुतले. पोरीला म्हणाले, "ऐकलंस? वाटलेलं पेढं मी काय परत मागणार न्हाई. एक वरीस हाय तुझ्याकडं. पोस्टची पोस्ट करून दाखव. न्हाई झालं तर मलकापूर." ती म्हणाली, "व्हय." तेवढंच. पण उठताना सरळ उठली आणि चौकटीला कपाळ आपटलं.

असं वर्ष मिळालं तिला. चुकीनं मिळालं, पण मिळालं. आजोबांना नीट ऐकू आलं असतं तर सोमवारी सुपारी फुटली असती.

त्या वर्षाबद्दल काय सांगू. आजोबा हट्टाला पेटले. डंकाचं काम करणाऱ्या लोहाराकडनं एक कडी करून घेतली आणि परड्यातल्या भिंतीवर ठोकली. सरांनी येऊन बघितलं तर ती मापापेक्षा लहान. आजोबा म्हणाले, "असू द्या. बारक्या कडीत टाकाय शिकली तर मोठ्या कडीत काय अवघड हाय?" पहाटे तिला घेऊन दूध कट्ट्यावर जायचे. तिथं म्हशी उभ्या, समोर धार काढून ग्लास भरून देतात, आणि पिणारे सगळे पैलवान. त्यांच्यात ही एकटी पोरगी. एका पैलवानानं विचारलं, "पावणं, पोरीला कुठल्या आखाड्यात उतरवताय?" आजोबा म्हणाले, "डांबाखाली." त्यानं ते काय समजलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी तिला पुढं जागा करून दिली. आणि डंकावर बसून आजोबांचा एकच धोशा, कुणीही आलं तरी. "एक शब्द कमी ऐकू आला म्हणून काय झालं, मी ऐकलं ते खोटं न्हाई. अजून व्हायचंय एवढंच."

वन्संनी मात्र सोडलं नाही. सांजसकाळ विचारायच्या, "काय गं, टपाल आलं का?"

थंडी आली. मॅचेस सुरू झाल्या. आम्ही शेवटच्या मॅचला गेलो, आजवर कधी बघितलीच नव्हती. उघड्यावरचं सिमेंटचं मैदान, भोवती दिवे, आणि आमची सगळी गल्ली चिरमुऱ्याची पोती घेऊन. वन्संही आल्या. मलकापूरचे अप्पाही आले, वर्ष भरत आलं होतं ना. समोर मुंबईच्या पोरी. त्यांचे बूट पांढरेशुभ्र. त्यांची पोस्टवाली तुझ्या आईएवढीच उंच आणि अंगानं दुप्पट. एका खुर्चीवर पांढऱ्या केसांच्या एक मॅडम बसलेल्या, कुणाशी बोलत नव्हत्या. सर हळूच म्हणाले, त्याच त्या.

खेळातलं मला काय कळणार. पण माझी पोरगी मला कळत होती. ती वाकली होती. मुंबईची ती पोरगी पाठीमागनं ढोपर लावायची आणि ही पुढं झुकायची, तोल जायचा, मग चिडून धक्का द्यायची की शिट्टी. एका खेळाडूच्या पाच चुका झाल्या की तिला बाहेर काढतात, पुन्हा आत येता येत नाही. हिच्या चार झाल्या. सरांनी तिला बाकावर बसवलं. आपला जिल्हा मागं पडत चालला. मॅडमनी घड्याळ बघितलं. आजोबा माझ्या शेजारी, मुठीतले चिरमुरे तसेच धरून.

वन्सं मला म्हणाल्या, "अगं, त्या जाळीला बूडच न्हाई. बॉल राहणार कसा आत?" मी चिरमुरे त्यांच्यापुढं केले. मग त्यांनी बाकावरच्या तुझ्या आईकडं बघितलं. ती मान खाली घालून बसली होती. कशानं काय झालं वन्संना, त्या एकदम उठल्या, आणि डंकासमोर राहून राहून कमावलेला तो आवाज त्यांनी लावला. "अगं ए डांबा! मान खाली घालून डांब कधी बघितलाय का कुणी? उभी राहा की!"

सगळं मैदान हसलं. तुझ्या आईनं आमच्याकडं बघितलं. तीही हसली. आणि सरांनी तिला आत पाठवलं.

ती आत गेली ती ताठ. मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, माझी पोरगी केवढी आहे ते. खरंच सांगते. घरात चौकट, फळी, छत, सगळ्याखाली वाकलेलीच बघितली होती मी तिला. इथं वर नुसतं आभाळ. गल्लीतली पोरं ओरडायला लागली, "डांब, डांब, डांब." तीच पोरं, तोच शब्द. मुंबईची पोरगी ढोपर लावायची, पण आता ही हलत नव्हती. खांब रोवल्यासारखी. ढकलणारीच मागं सरकायची.

गुण जवळ येत गेले. शेवटी एका गुणानं आपण मागं, आणि वेळ सरत आलेली. बॉल तिच्याकडं आला. ती वळली, टाकला. कडीवर आपटला आणि वर उडाला. आजोबांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. मुंबईच्या पोरींनी उड्या मारल्या, आपल्याही पोरींनी मारल्या, आणि ही थांबली. मला तो ठेका ऐकू आला म्हटलं तर तू हसशील. मुसळ वर. हात नको. आता. सगळ्या खाली येत होत्या तेव्हा ही वर गेली, आणि बॉल तिच्या हातात बोलावल्यासारखा आला. तिनं तो नुसता ठेवला. फळीवर डबा ठेवतात तसा.

भोंगा वाजला. मी आजोबांना हलवलं. "उघडा डोळं. झाली पोस्ट."

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, चिरमुरे उधळले लोकांनी. वन्संचा पदर कुणाच्या तरी पायाखाली अडकला होता आणि त्या तिथूनच सांगत होत्या, माझी भाची हाय, माझी. पण पुढचं लक्षात आहे. त्या मॅडम उठून आल्या. तुझी आई घामानं निथळत उभी. मॅडमनी विचारलं, "उंची किती तुझी?"

आणि सवय बघ. पोरीची नजर आधी बापाकडं गेली, खांदे खाली आले, आणि ती म्हणाली, "पाच... साडेपाच."

आजोबा पुढं झाले. "खोटं सांगत्येय मॅडम. मीच सांगाय लावत होतो. सहा फूट हाय. चप्पल न घालता, भरून सहा फूट." आणि वळून पोरीला म्हणाले, "सरळ उभी राहा. दाखव त्यांना."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मला सहाच हवी होती."

मलकापूरचे अप्पा मागंच उभे होते. आजोबा त्यांच्याकडं वळले तर तेच म्हणाले, "पावणं, काय बोलू नका. ही पोरगी आमच्या दुकानात मावायची न्हाई. वर पंखा हाय." मोठा माणूस. पुढं त्यांची नात सरांकडं खेळायला यायची, त्यांनीच आणून घातली होती.

तर तशी तुझ्या आईची नोकरी. अर्धा दिवस कचेरी, अर्धा दिवस मैदान, पगार बसून आणि उभं राहून दोन्हीचा. नेमणूक झाली त्या दिवशी आजोबांनी पुन्हा पेढे आणले. दुकानदारानं विचारलं, "आता कसली पोस्ट?" आजोबा म्हणाले, "तीच. आता पोच झाली."

त्यानंतर पुष्कळ वर्षं खेळली ती. कुठं कुठं गेली, मला गावांची नावं सांगता यायची नाहीत. दोन हजार सालानंतर भारताचा ड्रेस मिळाला. परदेशातनं फोन करायची, "अव्वा, इथल्या पोरी माझ्यापेक्षाही उंच हायत," आणि आवाजात भीती नव्हती, मजा होती. गुडघा दुखावला, ऑपरेशन झालं, लोक म्हणाले आता संपलं. ती परड्यातल्या त्या बारक्या कडीसमोर खुर्ची टाकून बसायची आणि बसल्या बसल्या टाकायची. परत गेली, आणि कॅप्टन होऊन गेली. खात्याच्या टीमनं त्या वर्षी जिंकलेला कप केवढा होता, तुमच्या घरात आहे तो, तू त्यात लहानपणी बसली होतीस. तुझे बाबा तिच्याहून चार बोटं बुटके. बघायला आले तेव्हा वन्संनी विचारलं, "चालंल का तुम्हाला?" ते म्हणाले, "मला वर बघायची सवय होईल." तेव्हाच मी हो म्हटलं.

एकच राहिलं सांगायचं. भारताचा ड्रेस घेऊन ती पहिल्यांदा घरी आली, गल्ली सगळी दारात. ती गाडीतनं उतरली, सरळ चालत आली, आणि आता वाकायची सवयच गेली होती ना, कपाळ चौकटीला असं आपटलं की वरनं माती पडली. सगळे धावले. आजोबांनी तिच्या कपाळाकडं बघितलं, चौकटीकडं बघितलं. म्हणाले, "इतकी वर्षं मी पोरीला वाकवत होतो. चूक दाराची होती." दुसऱ्या दिवशी गवंडी आणला. आता आमच्या गल्लीत सगळ्यांत उंच दार आपलं. गार वारा येतो, मांजर येतं, आणि वन्सं होत्या तोवर म्हणायच्या, हत्ती पाळलाय काय रे.

तर तुझी परीक्षा झाली की ये. चटणीचा हंगाम असेल, आजोबा खुर्ची टाकून डंकासमोर बसलेले असतील, मोठ्यानं बोलावं लागेल. परड्यातली कडी अजून तिथंच आहे, थोडी गंजलीय. येताना मान वर करून ये, दारातनं वाकू नकोस. बघू तुझं डोकं वर लागतंय का. लागलं तर गवंडी अजून जिवंत आहे, पुन्हा बोलावू. ये लवकर.